उद्याची ऊब आज रात्री: विजेवरच्या भाड्याच्या फ्लॅटमधला हिवाळा

आमचा फ्लॅट लीड्सला, तिसऱ्या मजल्यावर. इमारतीत गॅसची जोडणीच नाही. इंग्लंडमधल्या बहुतेक घरांत गॅसचा बॉयलर असतो आणि भिंतीवरचे रेडिएटर त्याच्यावर तापतात. त्यामुळे इथे आधीपासून राहणारी आपली माणसं जो सल्ला देतात, तो त्या घरांचा असतो. "घरात असाल तेवढा वेळ लावा, बाहेर पडताना बंद करा." विजेच्या फ्लॅटमध्ये हा सल्ला पाळला तर घरही गार राहतं आणि बिलही फुगतं. आमचं पहिल्या हिवाळ्यात तेच झालं.

नोव्हेंबरात राहायला आलो. भिंतीला टेकून तीन जाडजूड पांढऱ्या पेट्या होत्या, प्रत्येकीवर दोन गोल नॉब. थंडी वाजली म्हणून मी सगळे नॉब शेवटच्या आकड्यावर फिरवले. रात्री झोपेत घामाघूम व्हायचं, सकाळी बरं वाटायचं आणि संध्याकाळी पाचला मुलगी शाळेतून यायची तेव्हा पेट्या थंडगार. मग आम्ही कोपऱ्यातला पंख्याचा हीटर लावायचो. पहिलं बिल उघडलं तेव्हा मला वाटलं मीटर बिघडलाय. फेब्रुवारीत बाबा आले. ते साताऱ्याला वीज मंडळात वायरमन होते, आता निवृत्त आहेत. त्यांनी पेट्यांच्या बाजूला चिकटवलेल्या पट्ट्या वाचल्या, वहीत बेरीज मांडली आणि मला म्हणाले, "अगं, मीटर बरोबर आहे. तू हिला साधा हीटर समजून वापरतेस. ही तापवून ठेवलेली वीट आहे."

मला ते लगेच कळलं. माझी आजी थंडीत चुलीपाशी वीट तापवायची, धडप्यात गुंडाळायची आणि अंथरुणात पायाशी द्यायची. जाळ विझला तरी वीट पहाटेपर्यंत ऊब द्यायची, आणि धडपा जितका घट्ट तितकी जास्त वेळ. आमच्या त्या पांढऱ्या पेट्या म्हणजे स्टोरेज हीटर, आणि ते नेमकं हेच करतात. आत जड विटा रचलेल्या असतात, त्यांच्यामधून तापणारी तार जाते, भोवती उष्णतारोधक थर असतो आणि वर एक झडप. रात्री स्वस्त विजेवर विटा तापतात, दिवसभर हळूहळू ऊब सोडतात. म्हणजे उद्या संध्याकाळी तुम्हाला किती ऊब लागणार, ते आज रात्री झोपण्याआधी ठरवायचं असतं. या एका गोष्टीची सवय झाली की बाकीचं सोपं आहे.

आधी मीटर बघा

घराची किल्ली हातात आली की सामान उघडण्याआधी मीटर शोधा. आमचा तळमजल्यावरच्या कपाटात निघाला. दोन गोष्टी बघायच्या: मीटरवर आकडे एक आहेत की दोन, आणि फ्लॅटमध्ये फ्यूजची पेटी एक आहे की दोन.

दोन आकडे असतील, म्हणजे दिवसाची युनिटं वेगळी आणि रात्रीची वेगळी मोजली जात असतील, तर तुमचा दर बहुधा इकॉनॉमी ७ आहे. रात्रीचे सात तास वीज स्वस्त आणि उरलेले सतरा तास एकेरी दरापेक्षा महाग. हे सात तास सगळीकडे सारखे नसतात, ते कंपनीला विचारून घ्या. आमचे रात्री साडेबारा ते सकाळी साडेसात आहेत. इथे मार्चअखेर घड्याळं एक तास पुढे जातात, पण आमचा मीटर ग्रीनिच वेळेवरच चालतो, म्हणून उन्हाळ्यात तेच तास दीड ते साडेआठ होतात. मला हे दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये कळलं. तोवर मी रोज रात्री साडेबाराला कपडे धुण्याचं मशीन लावून पहिला तास महागात काढत होते.

स्टोरेज हीटर आहेत पण मीटरला एकच आकडा आहे, असंही काही घरांत आढळतं. आधीच्या भाडेकरूने दर बदलून घेतलेला असतो. तिथे रात्री विटा तापवण्याचा काहीच फायदा नाही, दर चोवीस तास सारखाच. बिल तुमच्या नावावर असेल तर कंपनी आणि दर निवडायचा हक्क तुमचा आहे, घरमालकाचा नाही. मीटरच बदलायचा असेल तर मात्र करारनामा वाचून घरमालकाला आधी विचारा. साधारण हिशोब असा सांगतात की तुमच्या एकूण युनिटांपैकी ४० टक्के तरी रात्रीच्या तासांत पडत असतील, तर दोन दरांचं गणित जमतं. स्टोरेज हीटर आणि गरम पाणी दोन्ही रात्री होत असतील तर हिवाळ्यात ते सहज जमतं.

पहिल्याच आठवड्यात एक परीक्षा करा. झोपताना दोन्ही आकड्यांचा फोटो काढा, सकाळी सातला पुन्हा काढा. जो आकडा भराभर पुढे गेला तो रात्रीचा. आता बिल घ्या आणि त्याच आकड्याला रात्रीचा दर लावलाय का ते बघा. आमच्या बिलात दोन्ही उलटे लागले होते. आमची रात्रीची सगळी युनिटं दिवसाच्या दराने मोजली जात होती. तारीख-वेळ दिसणारे चार फोटो पाठवल्यावर कंपनीने मान्य केलं आणि पैसे परत केले, पण फोटो नसते तर मी काय दाखवलं असतं? तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला फोटो काढते. राहायला येण्याच्या दिवशीचा फोटो तर काहीही झालं तरी हवाच, नाहीतर आधीच्या भाडेकरूची युनिटं तुमच्या गळ्यात पडतात.

जुन्या इमारतींमध्ये आणखी एक प्रकार असतो. मीटरशेजारी काळी पेटी आणि तिच्यावर रेडिओ टेलिस्विच असं लिहिलेलं. बीबीसीच्या लाँगवेव्ह १९८ किलोहर्ट्झच्या लहरींवरून येणाऱ्या इशाऱ्याने ती हीटर चालू-बंद करायची. ही सेवा ३० जून २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली आहे. तुमच्याकडे अशी पेटी दिसली तर वाट बघू नका, कंपनीला फोन करून मीटर बदलून घ्या. नाहीतर हीटर भलत्या वेळी चालू होतील, नाहीतर होणारच नाहीत.

दोन नॉब, दोन खटके

हीटरशेजारी भिंतीवर बहुधा दोन खटके असतात. एक रात्रीच्या विजेचा, विटांसाठी. त्याच्यापर्यंत दिवसा वीज येतच नाही, म्हणून दिवसा त्याचा लाल दिवा लागला नाही तर बिघडला असं समजू नका. रात्री एकला उठून बघा. फ्यूजच्या दोन पेट्या असतील तर त्यातली एक याच खटक्यांची असते. दुसरा खटका चोवीस तासांच्या विजेचा. तो हीटरच्या आतला वेगळा छोटा हीटर चालवतो, आणि तो दिवसाच्या महाग दराने चालतो. आमच्याकडे हा दुसरा खटका तीन महिने चालूच राहिला होता. बाबांनी पहिल्या दिवशी तो बंद केला. गरज पडेल तेव्हाच लावा.

आता नॉब. एकावर इनपुट किंवा चार्ज असं काहीतरी लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर आउटपुट किंवा बूस्ट. इनपुट म्हणजे रात्री विटा किती तापवायच्या. आउटपुट म्हणजे वरची झडप किती उघडायची. म्हणजे इनपुटने बिल ठरतं आणि आउटपुटने ऊब कधी मिळणार ते ठरतं.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे आउटपुट उघडा ठेवून झोपणं. रात्री विटा तापत असतानाच झडपेतून ऊब निघून जाते, ती भरून काढायला तार आणखी तापते, तुम्ही पांघरूण फेकता आणि संध्याकाळसाठी काही उरत नाही. मी नेमकी हीच चूक केली होती. धडपा न गुंडाळता वीट अंथरुणात ठेवण्यासारखं ते आहे.

आमची आताची घडी अशी बसली आहे. रात्री जेवणं झाल्यावर उद्याचं हवामान बघायचं. दहा अंशांच्या आसपास असेल तर इनपुट २, पाच-सहा अंश असेल तर ४, शून्याच्या खाली जाणार असेल तर ६. हे आकडे आमच्या घराचे आहेत, बाहेरच्या भिंती दोन आणि खिडक्या दुहेरी काचेच्या. तुमचे वेगळे येतील. एका आठवड्यात रोजचा आकडा आणि संध्याकाळी सातला खोलीत किती अंश होते ते लिहून ठेवा, म्हणजे तुमचा तक्ता तयार होईल. पाच पौंडांचा साधा थर्मामीटर पुरतो. झोपताना आउटपुट १ वर. झडप पूर्ण बंद असली तरी पेटीच्या अंगातून ऊब येतेच, सकाळी तेवढी पुरते. घराबाहेर पडताना आउटपुट बघायचा, तो १ वरच हवा. संध्याकाळी मुलगी घरी आली की ३, आणि आठनंतर विटा निवत जातात तसा पूर्ण उघडायचा. झोपताना पुन्हा १.

बाबांनी मांडलेली बेरीज मी फ्रिजवर लावून ठेवली आहे. दिवाणखान्यातला हीटर ३.४ किलोवॉट, आमच्या खोलीतला २.५५, मुलीच्या खोलीतला १.७. तिन्ही मिळून ७.६५. सात तास पूर्ण भार घेतला तर एका रात्रीत ५३ युनिटं. आमच्या साताऱ्याच्या घरी महिन्याला ९० च्या आसपास येतात. म्हणजे दोन रात्रींत तिथला अख्खा महिना. हे बघितल्यावर मी खोलीवार विचार करायला लागले. आमच्या झोपण्याच्या खोलीला इतकी ऊब नको, तिथे इनपुट २ च्या वर जात नाही आणि गादीवर, चादरीखाली विजेचं ब्लँकेट आहे. ते शंभर वॉटच्या आसपास घेतं. झोपण्याआधी अर्धा तास लावलं तर एक युनिटसुद्धा होत नाही. मुलगी लहान आहे म्हणून तिच्या गादीवर ते नाही, तिची खोली मात्र मी अठरा अंशांच्या खाली जाऊ देत नाही. लहान मुलं आणि वृद्ध घरात असतील तर काटकसर तिथे करू नका.

नव्या पद्धतीचे स्टोरेज हीटर असतील तर त्यांच्यावर नॉब नसतात, छोटा पडदा आणि बटणं असतात. उदाहरणार्थ डिंप्लेक्स क्वांटम. त्यात हवं ते तापमान आणि वेळ भरली की रात्री किती भार घ्यायचा ते हीटर स्वतः ठरवतो. त्याचं घड्याळ बरोबर आहे का तेवढं तपासा, आणि रोज भिंतीवरचा खटका बंद करू नका.

हीटरवर कपडे वाळत घालू नका. हे मी कळवळून सांगते, कारण आपल्या प्रत्येक घरात मी ते बघितलंय. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत तेव्हा आपण मिळेल तिथे टाकतो, पण या विटा आत सहाशे अंशांच्याही वर तापतात. वर कापड पडलं की ऊब कोंडते. नशीब चांगलं असेल तर आतला सुरक्षा-कट पडतो आणि हीटर बंद होतो, नसेल तर आग लागते. पडदाही वरून लोंबता कामा नये, पलंगाची चादर टेकता कामा नये. आणि हीटर स्वतः उघडू नका. बाबांना आयुष्यभराचा अनुभव, पण त्यांनी स्क्रूलाही हात लावला नाही. "हे मालकाचं आहे आणि इथला माणूस बोलवायचा," म्हणाले. फार जुन्या, सत्तरच्या दशकाच्या मध्याआधीच्या काही पेट्यांमध्ये ॲस्बेस्टॉसही असतं.

साध्या प्लगवर लागणाऱ्या हीटरबद्दल दोन शब्द. दुकानात तेलाचा, सिरॅमिकचा, पंख्याचा असे प्रकार असतात आणि प्रत्येकावर कमी विजेत जास्त ऊब असं लिहिलेलं असतं. एका युनिटमधून एका युनिटचीच ऊब मिळते, हीटर वीस पौंडांचा असो की दोनशेचा. दोन किलोवॉटचा हीटर पूर्ण जोराने चालला तर तासाला दोन युनिटं, तीही दिवसाच्या दराची. अडीनडीला एक ठेवा, तो थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. एक्स्टेंशनवर कधीही नाही.

गरम पाणी

आपल्याकडच्या गिझरच्या सवयीने इथे फसायला होतं. गिझर म्हणजे आंघोळीआधी दहा मिनिटं लावला आणि बंद केला. इथे कपाटात एक मोठी टाकी असते, आमची १५० लिटरची आहे. तिच्यात दोन तारा असतात. खालची लांब, ती रात्रीच्या विजेवर सगळी टाकी तापवते. वरची आखूड, ती दिवसा लागलंच तर वरचं थोडं पाणी तापवते. काही घरांत एकाच खटक्यावर सिंक आणि बाथ असं लिहिलेलं असतं. सिंक म्हणजे वरची तार, बाथ म्हणजे खालची.

हिशोब सोपा आहे. नळाचं पाणी हिवाळ्यात दहा अंशांचं धरलं आणि ६० पर्यंत नेलं, तर १५० लिटरला पावणेनऊ युनिटं लागतात. तीन किलोवॉटच्या तारेला त्यासाठी साधारण तीन तास पुरतात. म्हणजे रात्रीच्या सात तासांत हे काम आरामात होतं, आणि चांगलं वेष्टन असलेल्या टाकीतलं पाणी दुसऱ्या रात्रीपर्यंत गरम राहतं. दिवसाला एक-दोन युनिटांची ऊब टाकीच्या अंगातून जाते, बस. पाणी गरम आहे की नाही या धास्तीने वरची तार चोवीस तास चालू ठेवायचं काही कारण नाही. आमच्याकडे बूस्टचा, म्हणजे वरच्या तारेचा, खटका असा कित्येक दिवस चालू होता. प्रत्येक वेळी कोणी भांडी घासली की महाग दराने टाकीतलं पाणी पुन्हा तापत होतं. आता रात्रीचा खटका कायम चालू आणि बूस्टचा कायम बंद. पाहुणे आले आणि पाणी संपलं तर बूस्ट एक तास. तेवढ्यात दोन जणांच्या बादल्या होतात.

रात्रीची तार खरंच चालते का, हे तपासायला बूस्ट बंद ठेवा आणि सकाळी सहाला नळ सोडा. पाणी गार आलं तर तार जळली आहे किंवा टायमर बिघडला आहे. अनेक भाडेकरू महिनोन्महिने फक्त बूस्टवर काढतात आणि त्यांना पत्ताच नसतो, कारण गरम पाणी तर येत असतं.

टाकी जुनी, तांब्याची आणि उघडी असेल तर तिला ८० मिलिमीटर जाडीचं जॅकेट घाला. स्वतःचे पैसे घातले तरी लवकर वसूल होतात, पण आधी मालकाला एक मेल टाका, बऱ्याचदा ते स्वतःच आणून देतात. तापमान मात्र कमी करू नका. साठवलेलं पाणी ६० अंशांपर्यंत गेलं पाहिजे, नाहीतर त्यात लेजिओनेला नावाचे जीवाणू वाढतात आणि त्यांच्यामुळे गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. थर्मोस्टॅट झाकणाखाली असतो, तिथे थेट विजेच्या तारा असतात, ते काम इलेक्ट्रिशियनचं. टाकीतून उकळल्यासारखा आवाज यायला लागला किंवा नळातून वाफ आली तर खटका बंद करून त्याच क्षणी घरमालकाच्या एजंटला फोन करा.

साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. आपल्याकडे आधी कढत पाणी ओतून मग विसण घालतात. इथे बाळ असलेल्या घरात उलट करा: आधी गार पाणी, मग गरम, मग कोपराने बघायचं.

बादलीवरून सांगते. मी शॉवर सोडून बादली-तांब्यावर आले ते सवयीने, पण आकडेही तेच सांगतात. आमच्या न्हाणीघरात विजेचा शॉवर आहे. तो टाकीतलं पाणी घेत नाही, नळाचं गार पाणी तिथल्या तिथे तापवतो, त्याची दोरी छताला लोंबते. नऊ किलोवॉटचा असा शॉवर दहा मिनिटं चालला की दीड युनिट, तेही दिवसा. अठरा लिटरची बादली चाळीस अंशांची करायला दोनतृतीयांश युनिटही लागत नाही, आणि टाकीतून घेतली तर ते रात्रीच्या दराचं. नवऱ्याला बादली नको असते, तो सकाळी सातच्या आत शॉवर घेतो. तेही चालतं, आमच्या मीटरवर रात्रीचा दर सगळ्या घराला लागतो.

म्हणूनच मी डबे पहाटे करते. साडेसहाला कणीक मळलेली असते, साडेसातला पोळ्या आणि भाजी उरकलेली असते. इथल्या मैत्रिणींना नवल वाटतं, पण आईनेही आयुष्यभर याच वेळी डबे केले. कपड्यांचं मशीन साडेपाचला सुरू होईल असं लावते, म्हणजे संपतं तेव्हा आम्ही जागे असतो. घर झोपलेलं असताना मशीन चालू ठेवू नका, अग्निशमन दलाचंही हेच सांगणं आहे.

ओल आणि बुरशी

विजेवरच्या फ्लॅटमध्ये लोक बिलाच्या धास्तीने सगळं बंद करतात आणि जानेवारीत कपाटामागे काळी बुरशी चढते. आपल्या स्वयंपाकात वाफ फार. कुकरच्या चार शिट्ट्या, उकळतं वरण, मोदक असले तर विचारूच नका. ती वाफ जाते कुठे? सगळ्यात गार भिंतीवर, म्हणजे बहुधा झोपण्याच्या खोलीच्या बाहेरच्या कोपऱ्यात. स्वयंपाक करताना दार लावा, पंखा चालू ठेवा आणि नंतरही पंधरा मिनिटं राहू द्या. खिडकीच्या वरच्या बारीक झडपा थंडीतही उघड्याच ठेवा. कपडे एका खोलीत वाळत घालून तिथे डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र, लावा. आमचा दोनशे वॉटच्या आसपास घेतो, आणि रोज त्यातून जे पाणी ओतते ते बघून वाटतं, हे सगळं भिंतीत जात होतं. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. आणि कुठलीही खोली पूर्ण गार पडू देऊ नका. स्टोरेज हीटरचा हाच खरा गुण आहे, त्याची मंद ऊब भिंतींपर्यंत पोचते.

बिघाड झाला तर

भाडेकरूंना आपली बाजू कमकुवत वाटते, विशेषतः व्हिसावर आलेल्यांना. पण इंग्लंडमध्ये १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याचं ११ वं कलम स्पष्ट आहे: खोल्या गरम करण्याची आणि पाणी तापवण्याची सोय दुरुस्त ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी. करारात काहीही लिहिलेलं असलं तरी. शिवाय घरातल्या विजेच्या जोडणीची तपासणी निदान दर पाच वर्षांनी करून तिचा अहवाल भाडेकरूला द्यावा लागतो. घर घेतानाच तो मागा. घराचं ऊर्जा प्रमाणपत्रही बघा, त्यात घर किती कमी ऊर्जेत चालतं याची ए ते जी अशी श्रेणी असते. भाड्याने द्यायचं तर किमान ई लागते. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये नियम वेगळे आहेत.

तक्रार फोनवर करा, पण लगेच तीच मेलवर लिहा. आमचा दिवाणखान्यातला हीटर दुसऱ्या जानेवारीत बंद पडला तेव्हा एजंट आठ दिवस "उद्या माणूस येईल" म्हणत होता. मी रोज सकाळी-संध्याकाळी थर्मामीटरचा फोटो काढून मेल टाकली. नवव्या दिवशी लिहिलं की घरात लहान मूल आहे, खोली बारा अंशांवर आहे आणि उद्या मी कौन्सिलच्या पर्यावरण आरोग्य विभागाला कळवणार आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी माणूस आला, तार बदलली, चाळीस मिनिटांचं काम. मला राग याचा आला की आठ दिवस मुलीने जाकीट घालून अभ्यास केला. तुम्ही आठ दिवस थांबू नका. तोवर मालकाकडून तात्पुरता हीटर मागा, आणि त्याचा जादा खर्च भाड्यातून परस्पर कापू नका, लेखी मागा.

डिसेंबरात गावी जाताना

तीन आठवडे साताऱ्याला जायचं म्हणून पहिल्या वर्षी आम्ही मुख्य खटकाच पाडून गेलो. परत आलो ते रात्री अकराला, घर सहा अंशांवर, विटा थंड, आणि त्या तापायला पुढची रात्र लागणार. मुलीला जाकिटासकट झोपवलं. आता तिन्ही हीटरचा इनपुट १ वर, आउटपुट १ वर ठेवून जातो. त्याने नळ गोठत नाहीत आणि भिंती ओल धरत नाहीत. पाण्याचा रात्रीचा आणि बूस्टचा, दोन्ही खटके बंद. शेजारच्या काकूंकडे किल्ली असते. आम्ही पोचायच्या आदल्या संध्याकाळी त्या इनपुट ५ वर करतात आणि पाण्याचा रात्रीचा खटका लावतात. घरी आल्यावर आधी टाकी एकदा पूर्ण गरम झाली आहे ना ते बघते, मग साचलेल्या पाण्यातल्या लेजिओनेलाच्या धास्तीने सगळे गरम नळ दोन-तीन मिनिटं सोडते. शॉवरची जाळी बादलीत बुडवून पाणी सोडायचं, म्हणजे तुषार अंगावर उडत नाहीत, आणि खिडकी उघडी ठेवायची. मग काकूंना कंदी पेढे द्यायला जाते.